दाराचा प्रश्न

स्पोर्ट्स कारच्या चासीचे प्रकार विचारले की अभियांत्रिकीचा विद्यार्थी चार-पाच नावं घडाघडा सांगतो: लॅडर, बॅकबोन, स्पेसफ्रेम, मोनोकॉक आणि शेवटी कार्बन टब. यादी बरोबर असते. मात्र ती पाठ करताना मनात एक जिना तयार होतो. खालची पायरी जुनी, वरची नवी आणि म्हणून चांगली. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचं स्वागत करताना मला सर्वांत आधी तो जिना मोडायचा आहे.

चासी म्हणजे गाडीची चौकट, आणि ती आखणाऱ्याला इंजिनापेक्षा जास्त छळतो तो माणूस. त्याला बसायला गाडीच्या मधोमध मोठी पोकळी लागते, आत शिरायला दार लागतं आणि हौस असेल तर डोक्यावर छप्परही नको असतं. जिथे चौकट सर्वांत भक्कम असायला हवी, तिथेच तिला भगदाड पाडावं लागतं. या भगदाडाचं काय करायचं, याची वेगवेगळी उत्तरं म्हणजे चासीचे प्रकार, असं मी मानतो.

भक्कम म्हणजे काय, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. गाडी मधून वाकेल ही भीती सहसा गौण असते. खरा शत्रू पीळ. वळणावर पुढची आणि मागची चाकं चौकटीला वेगवेगळ्या प्रमाणात मुरडू पाहतात. चौकट त्याला वश झाली तर ती स्वतःच एक स्प्रिंग होऊन बसते, आणि मग सस्पेंशनमध्ये केलेले बारीक बदल रस्त्यावर उमटतच नाहीत. म्हणून चासीचा ताठरपणा एक अंश पीळ द्यायला किती न्यूटन-मीटर लागतात, यावरून मोजतात. बुटांचं खोकं झाकण काढून पिळून पाहा आणि मग झाकण चिकटवून पाहा, फरक हाताला कळेल. बंद पोकळ आकार पिळाला विलक्षण विरोध करतो, आणि त्याने वेढलेलं क्षेत्रफळ वाढेल तसा तो विरोध झपाट्याने वाढतो. तोच आकार उभा चिरला, की जवळजवळ सगळं गेलं.

लॅडर फ्रेममध्ये असा मोठा बंद आकारच नसतो. दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, बस्स. बोलेरोच्या खाली डोकावलं तर ती दिसेल. जड ओझ्याला ती उत्तम, पिळाला कच्ची. १९५३च्या एसी एसची चौकट दोन जाड नळ्यांची होती, आणि १९६२मध्ये कॅरोल शेल्बी यांनी त्याच धाटणीच्या चौकटीवर फोर्डचं व्ही-८ इंजिन चढवून कोब्रा उभी केली. ताठरपणाच्या कसोटीवर ती मागासलेली होती, तरीही तिने शर्यती जिंकल्या. जिना मोडायला एवढा पुरावा पुरे.

स्पेसफ्रेमची कल्पना तर्काच्या दृष्टीने सर्वांत देखणी. बारीक नळ्यांचे त्रिकोण असे रचायचे, की प्रत्येक नळीने फक्त ताण किंवा दाब सोसावा, वाकणं कुणाच्याच वाट्याला येऊ नये. मासेराटीच्या ज्युलिओ अल्फिएरी यांनी १९५९च्या टिपो ६०मध्ये सुमारे दोनशे नळ्या जोडल्या, आणि लोक तिला ‘बर्डकेज’, म्हणजे पक्ष्याचा पिंजरा, म्हणू लागले. पण त्रिकोणांच्या या शिस्तीला दार खपत नाही. १९५२च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये रुडॉल्फ उलेनहाउट यांनी बाजूची जाळी इतकी उंच नेली, की नेहमीसारखं दार बसवायला जागाच उरली नाही. शेवटी दार छपरातून वर उघडावं लागलं. त्या गाडीचे पंखासारखे दरवाजे आजही सौंदर्याची परिसीमा म्हणून दाखवले जातात. मुळात ती नाइलाजाची सोय होती. १९५७मध्ये छप्पर नसलेली रोडस्टर काढताना साधे दरवाजे हवे होते, तेव्हा जाळीच्या बाजू खाली आणून तिची फेररचना करावी लागली.

एकाच घरात हा सगळा वाद पाहायचा असेल तर लोटसकडे वळावं. कॉलिन चॅपमन यांनी आधी स्पेसफ्रेम वापरली आणि १९५७च्या एलीटमध्ये चौकटच काढून टाकली. फायबरग्लासचं आख्खं कवच हीच चासी, म्हणजे मोनोकॉक. गाडी अप्रतिम, हिशेब तोट्याचा. शिवाय कवचाच्या ताठरपणात छपराचा वाटा होता, त्यामुळे छप्पर कापून उघडी गाडी काढणं शक्य नव्हतं. पुढची एलान उघडी हवी होती. तेव्हा पोलादी पत्र्याची घडी घालून एक बंद पेटी केली, ती गाडीच्या मधून कण्यासारखी (म्हणून नाव बॅकबोन) नेली आणि दोन्ही टोकांना फाटे देऊन त्यांवर सस्पेंशन बसवलं. माणसं कण्याच्या दोन बाजूंना बसली, आणि दारांवर कसलाच भार उरला नाही. मला या विषयातली ही सर्वांत हुशार खेळी वाटते, जरी बाजूने धक्का बसला तर कणा फारसं रक्षण करत नाही, हा तिचा उघड दोष असला तरी.

गंमत पाहा. १९८१मध्ये विक्रीला आलेल्या डिलोरियनची चासी लोटसनेच घडवली, तीही कण्याचीच. म्हणजे तिला पंखांच्या दारांची काडीचीही गरज नव्हती. तरी ती लावली.

एलान आली त्याच वर्षी, १९६२मध्ये, चॅपमन यांनी शर्यतीसाठी लोटस २५ काढली. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा लांबट टब, त्यात जवळजवळ आडवा झालेला चालक. फॉर्म्युला वनच्या गाडीला दार नसतंच, म्हणून तिथे मोनोकॉक इतक्या सहज जिंकला. एकाच कंपनीने एकाच वर्षी दोन निराळी उत्तरं दिली, कारण प्रश्नच निराळे होते.

लोटसच्याच १९९६च्या एलिझमध्ये ॲल्युमिनियमचे साच्यातून दाबून काढलेले पोकळ दांडे इपॉक्सीने चिकटवले आहेत. वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियम कमजोर होतं आणि भिंती जाड ठेवाव्या लागतात. गोंदामुळे त्या पातळ ठेवता आल्या, आणि चासी अवघी ६८ किलोंची झाली. दाराखालचा उंबरठा मात्र इतका रुंद आणि उंच, की छप्पर लावल्यावर आत शिरणं ही कसरतच. कार्बन फायबरने ही ओढाताण बरीच सैल केली. १९८१च्या मॅक्लारेन एमपी४/१पासून शर्यतीत आणि १९९२च्या मॅक्लारेन एफ१पासून रस्त्यावर आलेला हा टब सगळी ताकद कमरेखाली एकवटू शकतो. मॅक्लारेनच्या १२सीचा टब ७५ किलोंचा आहे. तिचं छप्पर उघडं करताना वेगळी मजबुती द्यावी लागली नाही.

पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थी-स्पर्धांसाठी नळ्यांच्या चौकटी जोडणाऱ्या मुलांना कार्बनचा मोह होतो. पण नळी परवडते, एक-दोनच गाड्या बनवायला तिला महागडे साचे लागत नाहीत, आणि वेल्ड तुटला तर दुरुस्त करता येतो. त्यांची निवड मागासलेली नाही.

पुढच्या प्रकरणांत ताठरपणाचे आकडे वारंवार भेटतील. एलिझसाठी अंशाला सुमारे १०,००० न्यूटन-मीटर सांगतात. रिमाक ही कंपनी आपल्या नेव्हेरा या गाडीसाठी ७०,००० सांगते. नुसती चासी मोजली की समोरची काच चिकटवलेली पूर्ण गाडी, आणि पीळ चाकांशी दिला की सस्पेंशनच्या बिंदूंशी, हे कळल्याशिवाय असे आकडे शेजारी मांडू नयेत. शिवाय पहिली गाडी सव्वासातशे किलोंच्या घरातली आहे आणि दुसरी दोन टनांहून जड.