काचेतला मासा आणि ओढ्यातला मासा

मासा म्हटला म्हणजे आपल्यापुढे आधी जाळे येते आणि मग ताट येते. पण माशावर मन रमवावे, ही हौसही फार जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. जुन्या मराठी गीताचे काही नमुने त्यात सापडतात, म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो ठाऊक आहे. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असा एक भाग आहे. माशांच्या जाती कोणत्या, त्यांना चारा काय घालावा, गळ कसा टाकावा, हे राजाने त्यात बारकाईने सांगितले आहे. विनोद म्हणजे येथे करमणूक.

चीनमध्ये ही करमणूक आणखी पुढे गेली. सुमारे हजार वर्षांपूर्वी तेथील लोकांच्या ध्यानात आले की, करड्या माशांच्या पैदाशीत मधूनच एखादा पिवळा-तांबडा मासा निपजतो. तेवढेच वेगळे काढावेत, त्यांचीच वीण वाढवावी, असे करता करता आपण ज्याला गोल्डफिश म्हणतो तो सोनेरी मासा तयार झाला. तेव्हा रंगासाठी माशाचा वंश बदलण्याचा खटाटोप नवा नाही. शेतकरी जसे चांगले कणीस बियाण्याला राखून ठेवतो, तसेच हे. निसर्गाने दिले, माणसाने निवडले.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती मात्र निवडीची नव्हे. आणि नवल असे की, तिचा नायक आपल्याच देशातला मासा आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत फ्रान्सिस हॅमिल्टन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर होता. गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवर त्याने लिहिलेला ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोसी नदीतील एका बोटाएवढ्या माशाचे वर्णन आहे. अंगावर निळसर उभे-आडवे नव्हे, तर डोक्यापासून शेपटीपर्यंत ओढलेले पट्टे. यालाच पुढे झेब्रा मासा हे नाव पडले. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यापासून सह्याद्रीच्या ओढ्यांपर्यंत तो विखुरलेला आहे. संथ पाणी, काठचे गवत, भाताची खाचरे ही त्याची आवडती ठिकाणे. त्याच ग्रंथात आणखी एक मासा आहे. त्याचे अंग इतके पारदर्शक की आतला काटा दिसावा. त्याला आपण काचमासा म्हणू. या दोन माशांच्या नशिबी पुढे काय आले, ते ऐकण्यासारखे आहे.

झेब्रा मासा परदेशी काचपेट्यांत गेला आणि तेथून प्रयोगशाळेत गेला. अमेरिकेतील ऑरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९७०च्या सुमारास त्याच्यावर काम सुरू केले. त्याची अंडी आरपार दिसतात आणि पिले लवकर वाढतात, म्हणून जीव कसा घडतो ते त्याच्यात डोळ्यांनी पाहता येते. माणसाच्या दर शंभरातील सुमारे ७० जनुकांना या माशात जोडीदार सापडतो, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. जनुक म्हणजे आईबापांकडून मुलाकडे जाणारी, शरीर कसे घडवायचे याची लेखी आज्ञाच म्हणा ना!

याच काळात दुसरीकडे एक शोध लागला होता. ओसामु शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेत काम करताना समुद्रातल्या एका जेलीफिशमधून हिरवी चमकणारी प्रथिने वेगळी काढली. ते साल १९६२. या शोधासाठी त्यांना दोन सहकारी शास्त्रज्ञांसह २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात झियुआन गाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली त्या जेलीफिशचे जनुक झेब्रा माशाच्या अंड्यात घातले. मासा निपजला तो हिरवा चमकणारा, आणि त्याची पिलेही तशीच! हेतू चांगला होता. पाण्यात विषारी द्रव्य आले की मासा चमकून ते सांगेल, असा मासा त्यांना घडवायचा होता. पण पाण्याचा पहारेकरी व्हायच्या आधीच तो बाजारात पोहोचला. २००३ सालच्या अखेरीस अमेरिकेत त्याच्या विक्रीची घोषणा झाली. पोवळ्याच्या जातीच्या प्राण्यांतील जनुके घालून तांबडे मासेही आले.

येथे पहिला प्रश्न उभा राहतो. निव्वळ शोभेसाठी एका जीवाच्या वंशात दुसऱ्या जीवाचे जनुक घालावे काय? कॅलिफोर्निया राज्याने २००३च्या डिसेंबरमध्ये या माशाला परवानगी नाकारली. हा प्रश्न विज्ञानाचा नसून मूल्यांचा आहे, असे तेथील आयोगाच्या एका सदस्याने तेव्हा बोलून दाखवले. ती बंदी पुढे उठली.

घाईने निकाल देऊ नये. आपला तो दुसरा मासा, काचमासा आठवा. त्याच्या पारदर्शक अंगात सुईने रंग टोचून तो ‘रंगीत मासा’ म्हणून विकण्याचा धंदा अनेक वर्षे चालला. बोटाएवढ्या जिवाला एकदा नव्हे, अनेकदा सुई! कित्येक त्यातच मरत, जगले त्यांचा रंग काही महिन्यांत उडून जाई. याच्याशी तुलना केली तर चमकणाऱ्या झेब्रा माशाला सुईची वेदना नाही. तो रंग घेऊनच जन्मतो. क्रौर्य हीच कसोटी लावली, तर नवा मासा जुन्या पद्धतीहून बरा ठरतो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. प्रयोगशाळेतले सारेच अघोरी आणि बाजारातले जुने सारेच निष्पाप, असे नसते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. मासा काचेबाहेर पडला तर? अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने २००३ साली सांगितले की, हा मासा खाण्याचा नाही, आणि साध्या झेब्रा माशापेक्षा त्याच्यापासून पर्यावरणाला अधिक धोका असल्याचा पुरावा नाही. त्यामागे एक साधी गोष्ट होती. झेब्रा मासा उष्ण देशांतला. अमेरिकेत तो वर्षानुवर्षे विकला जात होता आणि तेथल्या थंड नद्यांत त्याने बस्तान बसवले नव्हते. साधा टिकत नाही तर रंगीत कसा टिकणार? तर्क ठीक आहे. पण तो तिथल्या पाण्यापुरता आहे.

उष्ण देशात काय होते ते ब्राझीलने दाखवले. तेथील मीनास जेराइस राज्यात शोभेच्या माशांची शेती मोठ्या प्रमाणावर चालते. त्या शेततळ्यांतून निसटलेले तांबडे व हिरवे चमकणारे मासे आसपासच्या ओढ्यांत राहत आहेत, तेथले किडेमकोडे खात आहेत आणि वीणही घालत आहेत, असे शास्त्रज्ञांनी २०२२ साली नोंदवले. त्या देशाने या माशांच्या विक्रीला आधीच मनाई केली होती. पण ओढ्याला मनाईहुकूम वाचता येत नाही.

मग आपल्याकडे काय होईल? ब्राझीलच्या ओढ्यात झेब्रा मासा परकाच होता. आपल्या देशात मात्र त्याचे सख्खे भाऊबंद पाण्यात आहेत. म्हणजे काचेतला मासा सुटला तर तो नुसता राहील एवढेच नव्हे, त्याची सोयरीकही जुळू शकेल, आणि जेलीफिशचे जनुक सह्याद्रीच्या ओढ्यात उतरू शकेल. याच्या उलट बाजूचाही प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात साधे आणि तांबडे झेब्रा मासे एकत्र ठेवले. साध्या नरांनी तांबड्या नरांना मागे रेटले, आणि १५ पिढ्यांत बहुतेक टाक्यांतून तांबडा रंग नाहीसा झाला. हा अभ्यास २०१५ सालचा. म्हणजे आपले रानटी मासेच कदाचित या पाहुण्याला पुरे पडतील. पण ती टाकी होती. तीत पावसाळ्याचा लोंढा नव्हता, बगळा नव्हता, खेकडा नव्हता. तेव्हा अमेरिकेचा निर्वाळा आपल्याला उसना घेता येत नाही, आणि ब्राझीलची भीतीही जशीच्या तशी उचलता येत नाही. हा प्रश्न आपल्या पाण्याजवळ बसूनच सोडवावा लागेल. तो सुटेपर्यंत मासा काचेबाहेर जाता कामा नये, एवढे मात्र ठाम सांगता येते.

‘इतकी काळजी कशाला?’ असे कुणी म्हणेल. त्याने आपला अलीकडचा इतिहास पाहावा. डास कमी व्हावेत म्हणून गप्पी मासे बाहेरून आणले. आज गावोगावच्या टाक्यांत आणि डबक्यांत ते आहेत. तिलापिया १९५२ साली भारतात आणला, आणि आज उजनीच्या जलाशयात चिलापी या नावाने तो घरचाच झाला आहे. आफ्रिकेतील मांगूर चोरवाटेने आला. हा मासा खादाड आणि चिवट. २००० साली केंद्र सरकारने त्याच्या पैदाशीवर बंदी घातली, तरी २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशावरून महाराष्ट्रात त्याची तळी नष्ट करण्याची वेळ आलीच. एकदा पाण्यात गेलेला मासा माघारी बोलावता येत नाही, हा या तिन्ही गोष्टींचा धडा आहे.

तिसरा प्रश्न आहे तो विचारण्याचा. कुणाला विचारून हे करायचे? कायदा आपल्याकडे आहे. १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ साली केलेल्या नियमांप्रमाणे, जनुक बदललेला कोणताही जीव केंद्राच्या समितीच्या मंजुरीवाचून आणता किंवा विकता येत नाही. बीटी कापसाला २००२ साली अशी मंजुरी मिळाली. बीटी वांग्याच्या वेळी तर नागपूरसह ७ शहरांत जाहीर सभा झाल्या, शेतकरी बोलले, शास्त्रज्ञ बोलले, आणि २०१० साली ते वांगे थांबवण्यात आले. निर्णय बरोबर की चूक, यावर आजही मतभेद आहेत. पण लोकांना विचारले गेले. वांगे तर लावल्या जागी उभे राहते. मासा पोहतो. मग माशाच्या बाबतीत दुकानदाराची काचपेटी आणि गिऱ्हाइकाची हौस, एवढ्यावरच भागवायचे काय?

पाण्यातला मासा एकट्यादुकट्याचा नव्हे, ही समज आपल्याकडे जुनी आहे. वैतरणा नदी आपल्या त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावते. तीच खाली वाडा तालुक्यात तिळसे येथे महादेवाच्या देवळापाशी जाते. तेथल्या डोहातले महसीर मासे कुणी मारीत नाही. महाडजवळ वाळण कोंढ येथेही देवीच्या नावाने तसेच राखलेले मासे आहेत. ते राखण्यासाठी कुणी नोटीस लावली नव्हती. गावाने ठरवले आणि गावाने पाळले.

शिक्षकबंधूंना व भगिनींना एवढीच विनंती आहे. शाळेत काचपेटी असेल तर मुलांसमोर दोन प्रश्न जरूर विचारावेत. हा मासा मूळचा कुठला, आणि त्याचा रंग कुठून आला? दुकानदाराला सांगता येत नसेल तर तो मासा घेऊ नये. नकोसा झालेला मासा दया म्हणून गोदावरीत, नाल्यात, पाटात किंवा शेततळ्यात सोडू नये. तो दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा. काचपेटीचे पाणी गटारात न ओतता झाडांना घालावे. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून, भोई बांधवांकडून आपल्या ओढ्यातल्या माशांची नावे मुलांकरवी लिहून घ्यावीत. ओढ्यात काय होते याची नोंदच नसेल, तर उद्या त्यातून काय गेले आणि त्यात काय आले, हे आपल्याला कळणार तरी कसे?