'बघून सांगतो' : घरकामाच्या भावाची कथा

दिवाळी महिन्यावर आली की आपल्या घराघरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. पावसाळ्याने भिंतींचे पोपडे निघालेले असतात, मोरीतला नळ गळत असतो, दाराची चौकट फुगून बसलेली असते, आणि घरातली कर्ती माणसे रंगाऱ्याला, नळवाल्याला किंवा सुताराला बोलावून विचारतात, "किती होतील?" या दोन शब्दांना आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच ठरलेले उत्तर होते, "बघून सांगतो." मग तो येई, भिंतीवर बोटांनी टकटक करी, वर पाही, खाली पाही, चहा घेई आणि दोन दिवसांनी आकडा सांगे. आता शहरांतून हे दोन दिवस दोन मिनिटांवर आले आहेत. फोनमध्ये खोलीची मापे घातली की आकडा समोर येतो. अमेरिकेत तर विमानातून काढलेल्या छायाचित्रावरून छपराच्या दुरुस्तीचा खर्च निघतो आणि तोवर छपरावर कोणी चढलेलेही नसते!

ही घाई आजची वाटते खरी, पण तिचा इतिहास साडेतीनशे वर्षांचा आहे. मी शाळामास्तर. 'चार भिंतींचे क्षेत्रफळ' हे प्रकरण मी वर्षानुवर्षे फळ्यावर मांडीत आलो आहे. लांबी अधिक रुंदी, त्याची दुप्पट, गुणिले उंची. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी खोली घेतली तर चार भिंती ४४० चौरस फूट आणि वरचे छत १२०, मिळून ५६०. दारे-खिडक्या वजा करा, दराने गुणा, संपले उदाहरण. या साध्या गुणाकारामागे केवढे जग उभे आहे, ते वाचकांना दाखवावे म्हणून हा प्रपंच.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कारागिराला मोल देण्याच्या तीन रीती आहेत. पहिली रोजाने : जितके दिवस तितके पैसे. दुसरी मोजून : काम आधी, मग माप, आणि मापाप्रमाणे पैसे. तिसरी उक्ती : कामाला हात लावण्यापूर्वीच एक आकडा ठरवायचा आणि तो पाळायचा. या तिसऱ्या रीतीला आपले मिस्त्री 'अंगावर काम घेणे' म्हणतात. किती सार्थ शब्द आहे पाहा! रोजाच्या कामात वेळ वाढला तर भुर्दंड घरमालकाला. अंगावरच्या कामात तोच भुर्दंड कारागिराच्या अंगावर. आगाऊ भाव सांगण्याची सारी कथा या एका शब्दाभोवती फिरते.

१६६६ सालच्या सप्टेंबरात लंडन शहर चार-पाच दिवस जळत होते. तेरा हजारांवर घरे राख झाली. एवढी घरे एकदम बांधायची, तर प्रत्येक गवंड्याशी आणि सुताराशी घासाघीस करीत बसायला सवड कोणाला? पुढच्याच वर्षी पार्लमेंटने कायदा केला. घरांचे चार वर्ग ठरवले, कोणत्या वर्गाला किती मजले आणि भिंत किती जाड हे नेमून दिले, बाहेरून लाकूड बंद करून वीट-दगड सक्तीचे केले. घरे अशी साच्यातली झाली की त्यांचा खर्चही आधी सांगता येऊ लागतो. त्याच १६६७ साली स्टीफन प्रायमॅट याने घर घेणाऱ्यांसाठी व बांधणाऱ्यांसाठी हिशेबाचे एक पुस्तक छापले. मिस्त्रीच्या डोक्यातली विद्या सामान्य गृहस्थाच्या हाती छापील स्वरूपात येऊ लागली ती या सुमारास.

पुस्तकापाठोपाठ हत्यार आले. १६७७ साली हेन्री कॉगेशॉल याने लाकूड मोजण्यासाठी सरकती पट्टी प्रसिद्ध केली. पट्टी सरकवायची आणि गुणाकार न करता उत्तर वाचायचे. आज ज्याला आपण यंत्राने हिशेब म्हणतो, त्याचे हे पणजोबा. पुढे १७३६ साली एडवर्ड हॉपस याने तयार कोष्टकांचे पुस्तक काढले. ओंडक्याचा घेर मोजायचा, त्याचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे. चार फूट घेराचा आणि दहा फूट लांबीचा ओंडका या रीतीने भरतो दहा घनफूट. खरे घनफळ पाहिले तर ते पावणेतेराच्या आसपास येते. मग ही लबाडी का? मुळीच नाही. गोल ओंडका करवतीखाली चौकोनी होताना बरेच लाकूड वाया जाते, ती तूट या रीतीने आधीच धरली जाते. हा हॉपसचा फूट इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला आणि सागाच्या व्यापारात रुजला.

हॉपसने केले ते फार महत्त्वाचे आहे. अनुभवी लाकूडवाल्याला जी तूट नजरेने कळे, ती त्याने कोष्टकात बसवली. जाणत्याच्या नजरेतला एक अंश कागदावर उतरला आणि नवख्यालाही झटपट भाव सांगता येऊ लागला.

पण ही विद्या कागदावर उतरलेली सर्वांनाच कुठे आवडते? अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १७२४ साली सुतारांनी आपली एक मंडळी स्थापन केली होती. १७७४ साली वसाहतींची पहिली काँग्रेस भरली ती याच मंडळीच्या इमारतीत. १७८६ साली त्यांनी घरकाम कसे मोजावे आणि त्याचे मोल कसे ठरवावे याचे एक नियमपुस्तक छापले, पण केवळ सभासदांपुरते. ते बाहेरच्या माणसाला दाखवणे हा मंडळीत अपराध होता. थॉमस जेफर्सन हा एके काळचा राष्ट्राध्यक्ष. निवृत्तीनंतर व्हर्जिनियात तो विद्यापीठाच्या इमारती उभारीत होता. १८१७ साली त्याने या पुस्तकाची प्रत मागितली, तर सुतारांनी नकार दिला! देशाचे जाहीरनामे लिहिणाऱ्या माणसालाही त्यांनी दाराच्या चौकटीचा दर कळू दिला नाही. हसू येते, परंतु सुतारांची भीती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. भाव कसा काढतात हे गिऱ्हाइकाला कळले की घासाघीस तेथूनच सुरू होते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सगळे काम एकाच कंत्राटदाराला एका आकड्यात देण्याची चाल पडली. थॉमस क्युबिट हा त्यातला मोठा असामी. त्याने सुमारे १८१५ पासून सर्व प्रकारचे कारागीर कायम पगारावर ठेवले. आता एका कामासाठी चार-सहा कंत्राटदार आकडे देऊ लागले. प्रत्येकाने नकाशावरून सगळी मापे काढायची आणि काम मात्र एकालाच मिळायचे. बाकीच्यांची मेहनत फुकट! तेव्हा त्यांनी तोड काढली. सर्वांनी मिळून एकच मापाडी नेमायचा, त्याने काढलेली मापे सर्वांनी घ्यायची आणि आपापला दर लावायचा. यातून मापे काढण्याचा स्वतंत्र पेशाच उभा राहिला. १८६८ साली लंडनला सर्व्हेअरांची संस्था स्थापन झाली, तिच्या मुळाशी असलेल्या पेशांपैकी हा एक.

आपल्या देशात १८५४ साली डलहौसीच्या कारकिर्दीत सार्वजनिक बांधकाम खाते निघाले आणि त्याबरोबर दरसूचीची शिस्त आली. एक ब्रास खडी, एक घनमीटर वीटकाम, एक चौरस मीटर गिलावा यांचा दर किती, हे सरकारी पुस्तकात छापलेले असते. त्या दरामागे माल किती, मजूर किती, वाहतूक किती याची फोड असते. ओव्हरसिअरने मापे लिहावीत, पुस्तकातला दर लावावा, बेरीज मारावी. भाव सांगण्याचे काम इतके कारकुनी झाले म्हणजे ते यंत्राकडे जाणारच.

ते गेले १९७९ साली. हार्वर्ड येथे व्यापारशास्त्र शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याला अशा फळ्याची कल्पना सुचली, की ज्यावर एक आकडा पुसून दुसरा लिहिला तर खालच्या बेरजा आपोआप बदलतील. मला तर असा फळा उभ्या आयुष्यात हवाहवासा वाटला आहे! बॉब फ्रँकस्टनच्या साह्याने त्याने तो संगणकावर उतरवला आणि व्हिजिकॅल्क या नावाने तो बाजारात आला. विटेचा दर बदलला की अख्खे अंदाजपत्रक बदलू लागले. २००८ साली स्थापन झालेल्या ईगलव्ह्यू या अमेरिकन कंपनीने आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून छपरांची मापे पुरवण्यास आरंभ केला. छायाचित्रात जमिनीवरची लांबी-रुंदी दिसते आणि उताराचा कोन काढला की छपराचे खरे क्षेत्रफळ मिळते. माझ्या दहावीच्या मुलांना पायथागोरसाच्या जोरावर जे येते, तेच हे! २०१२ साली आर्मेनियन वंशाच्या दोन तरुणांनी कॅलिफोर्नियात सर्व्हिसटायटन ही कंपनी काढली. दोघांचेही वडील घरकामाच्या धंद्यातले. नळकाम, वीजकाम, गारव्याची यंत्रे यांची कामे करणाऱ्या धंदेवाल्यांचे भाव, भेटी आणि बिले एकत्र सांभाळणारी व्यवस्था त्यांनी उभी केली. आपल्याकडे २०१४ साली अर्बनक्लॅप निघाली, २०२० पासून तिचे नाव अर्बन कंपनी झाले. तिने ठरावीक कामांचे दर गिऱ्हाइकाला आधीच दाखवण्याची सवय लावली.

या यंत्रांची रीत मात्र जुनीच आहे. प्रायमॅटचे पुस्तक, कॉगेशॉलची पट्टी, हॉपसची तूट आणि सरकारी दरसूची या चारही गोष्टी त्यात आहेत. दर एकदा भरून ठेवायचे, मापे घालायची, तूट आणि कर मिळवायचा आणि तयार झालेला कागद गिऱ्हाइकाकडे धाडायचा. अलीकडे तर छायाचित्र पाहून किंवा बोलणे ऐकून कामाची यादीही यंत्रच लिहून देते.

यात भले कोणाचे? माझ्या वर्गात गवंडी, सुतार, रंगारी यांची पुष्कळ मुले असतात. त्यांचे बाप दिवसभर राबतात आणि रात्री जेवणे उरकल्यावर, पोराच्याच वहीचे पान फाडून, उद्याच्या कामाचा आकडा मांडीत बसतात. समजा, दहा घरी जाऊन पाहणी केली आणि तीन कामे मिळाली, तर सात घरच्या खेपा आणि सात रात्रींचे जागरण यांचे मोल कोणी देत नाही. लंडनच्या कंत्राटदारांची दोनशे वर्षांपूर्वीची जी व्यथा, तीच यांची. यंत्राने हे जागरण वाचवले तर मी त्याला दोन्ही हात जोडीन.

पण फळ्यावरच्या उदाहरणात एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे ओल. ५६० चौरस फुटांच्या खोलीत एका भिंतीमागे मोरी असेल, तर त्या भिंतीचा रंग सहा महिन्यांत फुगतो. बोटांनी टकटक करणारा रंगारी तेच ऐकत असतो. गिलावा सुटला असेल तर आवाज पोकळ येतो. हॉपसला लाकडाची तूट कोष्टकात बसवता आली, कारण सगळ्या ओंडक्यांचा गोलपणा सारखा. प्रत्येक घराची ओल मात्र वेगळी. ती न पाहता आकडा ठरला, तर पुढे निघालेल्या पोकळ गिलाव्याचे पैसे कोणी द्यायचे? काम अंगावर घेतलेले असते, त्यामुळे ते बहुधा रंगाऱ्याच्याच अंगावर येतात. नाहीतर तो ओल तशीच रंगाखाली झाकतो आणि पुढच्या पावसात ती घरमालकाच्या वाट्याला येते. आकडा लवकर मिळाला एवढ्याने तो खरा ठरत नाही.

यावर उपाय जुन्या कंत्राटांतच आहे. जे मोजता येते त्याचा पक्का आकडा. आणि उघडल्यावर जे निघेल त्यासाठी 'जादा काम' म्हणून वेगळी ओळ, तिचा दर आधीच ठरलेला. यंदा आपल्या फोनवर असा भाव आला तर दोनच प्रश्न विचारावेत : यात काय काय धरले आहे? आणि आत काही निघाले तर ते कोणत्या दराने? उत्तर सरळ आले तर खुशाल होकार द्यावा. आणि तरीही एखादा रंगारी म्हणालाच, "एकदा बघून सांगतो," तर त्याला घरात घ्यावे, चहा द्यावा आणि भिंतीवर टकटक करू द्यावी.