घर सोडणे आणि घरात राहणे : मुंबई उपनगरांतील दोन साथी (१८९६ व २०२०)

साथीच्या काळात निरोगी राहावयाचे तर घराबाहेर पडू नये, हा उपदेश २०२० साली मुंबईच्या उपनगरांत घरोघरी पोहोचला. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र याच परिसरात उलट समजूत दृढ होती : जीव वाचवावयाचा तर घर सोडावे. या विरोधाचा उलगडा केवळ वैद्यकशास्त्राच्या प्रगतीने होत नाही. त्यासाठी घराच्या स्वरूपाचा विचार करावा लागतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. १८९१ च्या शिरगणतीनुसार ८,२१,७६४ लोकसंख्या असलेल्या या शहरातून पुढील काही महिन्यांत लाखो लोक बाहेर पडले. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही गावे तेव्हा मुंबईत नव्हती; ती ठाणे जिल्ह्याच्या साष्टी भागात मोडत. भातशेती, मिठागरे, कोळीवाडे आणि त्यांतून जाणारे दोन लोहमार्ग असा हा प्रदेश होता. रोगही पळणाऱ्यांच्या पाठोपाठ आला. ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांत त्या काळी उभारलेले प्लेगचे क्रूस आजही त्याची साक्ष देतात.

शासनाचा सारा रोख घरावर होता. १८९७ च्या साथरोग कायद्याने मिळालेल्या अधिकारात घरांची झडती घेतली जाई, रोग्यास इस्पितळात व आप्तांना विलगीकरण छावणीत नेले जाई. ऊन-वारा यावा म्हणून छपराची कौले काढीत, भिंतींना चुना लावीत. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरावर ‘यू.एच.एच.’ ही इंग्रजी आद्याक्षरे रंगविली जात. परक्या शिपायाने माजघरापर्यंत यावे, स्त्रियांची तपासणी व्हावी, हे कोणत्याही जातिधर्माच्या कुटुंबास सहन होण्यासारखे नव्हते. रोगी लपविले जाऊ लागले आणि मार्च १८९८ मध्ये शहरात दंगल उसळली.

येथे एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. पॉल-लुई सिमों यांनी १८९८ साली कराचीत उंदरावरील पिसू हीच रोगाची वाहक असल्याचे दाखविले. त्यास मान्यता मिळण्यास मात्र १९०५ नंतर मुंबईत झालेल्या प्रयोगांची वाट पाहावी लागली. उंदीर धान्याच्या कोठ्यांत व भिंतींच्या बिळांत राहत असल्याने घर सोडणे हा खरोखरच योग्य उपाय होता. उंदीर पडू लागताच शेतात झोपडी घालून राहण्याची रीत खेड्यापाड्यांत रुजली, ती अनुभवातून. म्हणजे लोकांची रीत आणि सरकारची सक्ती यांत उपायाचा भेद फारसा नव्हता. निर्णय कोणी घ्यावयाचा, हाच खरा वाद होता.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू झाला. या वेळी शिक्का घराच्या भिंतीवर न उमटता गृहविलगीकरणातील व्यक्तीच्या डाव्या हातावर उमटला. श्वासावाटे पसरणाऱ्या विषाणूपुढे घरी थांबणे शास्त्रसंमतच होते. पण त्यात एक वेगळी खोली, एक स्वतंत्र शौचालय गृहीत धरलेले होते. जुलै २०२० मध्ये दहिसर, चेंबूर व माटुंगा या भागांतील तीन प्रभागांत रक्तचाचणीद्वारे पाहणी झाली. झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. एका खोलीत पाच-सहा माणसे आणि सामायिक शौचालय असता ‘घरी राहा’ या सूचनेचा अर्थ कितीसा उरतो, हे त्या दोन आकड्यांतील अंतरावरून कळते. ज्यांच्या घरात अंतर राखणे शक्य नव्हते, त्यांना शाळा, सभागृहे येथे हलविण्यात आले. गोरेगाव, मुलुंड, दहिसर येथे प्रचंड तात्पुरती उपचारकेंद्रे उभी राहिली. घर सोडण्याचा जुना उपाय असा अर्धवट परत आला. महानगरपालिकेच्या नोंदींतही घरांच्या प्रकारानुसार दोन रकाने झाले होते : चाळी व झोपडपट्ट्या यांसाठी ‘प्रतिबंधित क्षेत्र’, आणि उंच इमारतींसाठी ‘सीलबंद इमारत’, ज्यात पुढे केवळ बाधित मजलाच बंद करण्याची सवलत मिळाली.