आकडे बघून रंग भरा

आज मी एका अशा पुस्तकाबद्दल बोलणार आहे, ज्याची मी चौतीस वर्षं टिंगल केली. मी नगरच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण जुन्या माणसाच्या तोंडातून 'नगर' लवकर जात नाही, तेवढं सांभाळून घ्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना किती मुलं बसवली, याची मोजदाद नाही. त्या सगळ्या वर्षांत एखादं पोर 'आकडे बघून रंग भरा' छापाचं पुस्तक वर्गात घेऊन आलं, की मी ते दप्तरात ठेवायला लावायचो. "अरे, हे चित्र नव्हे, हा हिशेब आहे," असं सांगायचो आणि समोर कोरा कागद ठेवायचो.

दोन वर्षांपूर्वी मला अर्धांगाचा सौम्य झटका आला. चालणं-बोलणं लवकर सावरलं, उजवा हात मात्र ऐकेना. व्यायाम घ्यायला ज्या ताई घरी यायच्या, त्यांनी एक दिवस माझ्यापुढे एक पुस्तक ठेवलं. मोठ्या माणसांसाठीची रंगकोडी! पानभर वेडेवाकडे तुकडे, प्रत्येक तुकड्यात आकडा, आणि खाली यादी : १ म्हणजे पिवळा, २ म्हणजे पोपटी, ३ म्हणजे निळा. चित्र कशाचं आहे ते आधी कळत नाही; रंग भरत गेलं की हळूहळू उमटतं. मी म्हटलं, "ताई, अहो, मी ड्रॉइंग मास्तर आहे." त्या म्हणाल्या, "सर, म्हणूनच हे आणलं. कोरा कागद दिला, तर तुम्ही हातावर रागवाल."

खरं होतं त्यांचं. पहिल्या पानाला मला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी त्यातून एक कोंबडा निघाला आणि मला, साठी उलटलेल्या माणसाला, चोरून आनंद झाला. मग मास्तरकीची जुनी खोड जागी झाली. म्हटलं, ज्याला आपण आयुष्यभर नावं ठेवली, त्याचं कूळ तरी शोधू.

ते कूळ आधी अमेरिकेत सापडलं. डेट्रॉइट शहरात पामर पेंट नावाची रंगांची कंपनी होती. लहान मुलांचे रंग बनवायची. मालक मॅक्स क्लाइन यांना मोठ्या माणसांनाही रंग विकायचे होते. त्यांच्याकडे डॅन रॉबिन्स नावाचा तरुण चित्रकार नोकरीला होता. रॉबिन्सच्या कानावर कधीतरी एक गोष्ट आली होती : लिओनार्दो दा विंची आपल्या शिकाऊ मुलांना रंगवायच्या जागा आकडे घालून देत असे. त्यावरून त्याने युक्ती काढली. आधी स्वतः पूर्ण चित्र रंगवायचं, त्यावर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक रंगाच्या कडा गिरवायच्या आणि प्रत्येक तुकड्याला आकडा द्यायचा. पहिला नमुना त्याने अमूर्त शैलीत केला. क्लाइनसाहेबांना चित्र अजिबात आवडलं नाही, कल्पना मात्र आवडली.

१९५१ मध्ये हे संच 'क्राफ्ट मास्टर' नावाने बाजारात आले. खोक्यात आखलेलं चित्र, आकडे घातलेल्या रंगांच्या इवल्या कुप्या आणि ब्रश. प्रत्येक माणूस रेम्ब्राँ होऊ शकतो, अशी जाहिरात होती. महायुद्ध संपलेलं, हातात थोडा पैसा आणि थोडी फुरसत आलेली. काही वर्षांत एक कोटीहून अधिक संच खपले. अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या भेटीगाठींचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या थॉमस स्टीफन्स यांनी तर सरकारातल्या मोठमोठ्या मंडळींकडून अशी चित्रं करून घेऊन ती व्हाइट हाउसमध्ये टांगली.

टीकाकार मात्र चिडले. ही कला नव्हे, ही यांत्रिक घोकंपट्टी आहे, असं ते म्हणू लागले. म्हणजे माझंच वाक्य, माझ्या आधी वीस-पंचवीस वर्षं! पुढे १९६२ मध्ये अँडी वॉरहॉलने अर्धवट भरलेली, आकडे तसेच दिसणारी मोठी चित्रं काढली आणि तोच खेळ कलादालनात नेऊन बसवला. २००१ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या इतिहास संग्रहालयाने या संचांवर प्रदर्शनच भरवलं. रॉबिन्स २०१९ मध्ये, त्र्याण्णव वर्षांचा होऊन वारला.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, हे सगळं सातासमुद्रापलीकडचं. आमच्या घरात याचं काय?

मंडळी, तुमच्या घरातल्या जुन्या ट्रंकेत बघा. दुसुतीवरचं भरतकाम सापडतं का? फुलीच्या टाक्याचं. दोन पोपट, मध्ये गुलाबाची परडी, नाहीतर 'सुस्वागतम'. ते कसं भरायचे आठवतं? चौकटीच्या कागदावर नमुना असायचा, प्रत्येक चौकटीत खूण किंवा रंग, आणि दोऱ्याच्या लडीवर रंगाचा नंबर छापलेला. इतकी घरं मोजायची, इतके टाके घालायचे, नंबर बदलायचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनच्या छापखान्यांनी असे चौकटीचे, हाताने रंगवलेले नमुने विकायला काढले आणि युरोपभर बायका लोकरीने ते भरू लागल्या. पुढे अशा नमुन्यांची पुस्तकं आपल्याकडेही घराघरांत पोचली. आपल्या बायकांना मोजणं नवं नव्हतंच. दारापुढे ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई ठिपक्यांचा हिशेब मनात घालूनच खाली बसते.

माझ्या आईने दुसुतीवर असे दोन पोपट भरले होते. दिवसभर घरचं काम, रात्री जेवणं आटोपली की कंदिलापाशी बसून ती मोजायची. मध्ये कुणी हाक मारली, तर बोट तसंच कापडावर ठेवून, "थांब रे, सतरा झालेत," म्हणायची. वडिलांनी ते काचेत मढवून पुढच्या खोलीत लावलं. मी पुण्याहून आर्ट टीचरची पदविका घेऊन आलो ते साल १९७६. डोक्यात सगळे मोठमोठे चित्रकार. पाहुण्यांसमोर मी म्हणालो, "आई, हे चित्र तुझं कुठे आहे? नमुना छापणाऱ्याचं आहे. तू नुसते आकडे भरलेस." ती हसली. कुणी रागावलं नाही. पुढच्या दिवाळीला घराला रंग दिला, तेव्हा ती चौकट उतरली आणि परत भिंतीवर चढली नाही. का, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

आता आपल्या नगरचीच एक गोष्ट सांगतो. ती वाचल्यापासून मला माझं ते वाक्य फार टोचतं.

निजामशाहीच्या काळात नगरला चित्रकलेचं एक उत्तम दालन उघडलं होतं. पहिला हुसेन निजामशाह १५५३ ते १५६५ या काळात गादीवर होता. विजयनगरविरुद्धच्या १५६५ च्या लढाईत, जिला आपण तालिकोटची किंवा राक्षसतागडीची लढाई म्हणतो, तो दख्खनी सुलतानांच्या आघाडीत होता. त्याच साली तो वारला. त्याच्या स्तुतीसाठी आफताबी नावाच्या कवीने फारसीत 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे काव्य रचलं. त्याची सचित्र हस्तलिखित प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपलेली आहे. तिच्यात आज बारा चित्रं आहेत. दख्खनी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. पिवळे, लाल, निळे, असे धीट आणि सपाट रंग. मी ती छापील पुस्तकांतच पाहिली आहेत, तरी डोळे निवले. ही चित्रं काढणाऱ्यांची नावं मात्र आपल्याला माहीत नाहीत.

या चित्रांत सुलतानाबरोबर त्याची राणी होती, खुंजा हुमायूँ. चांदबीबीची ही आई. मुसलमानी दरबारी चित्रांत राणी अशी उघड, राजाच्या शेजारी दाखवणं ही फार दुर्मीळ गोष्ट. हुसेनशाह गेल्यावर थोरला मुलगा मुर्तजा लहान म्हणून कारभार तिने हातात घेतला. काही वर्षांतच मुर्तजाने आईला कैद केलं. आणि त्या पोथीत आज बघाल, तर बहुतेक चित्रांत राणीची आकृती पुसून टाकलेली आहे. ती सत्तेवरून गेल्यावर हे झालं असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. राजा बसलेला आहे, दासी उभ्या आहेत आणि मध्ये जिथे बाई होती, तिथे नुसता डाग. एका चित्रात झाडाला स्पर्श करून ते फुलवणारी स्त्री आहे. ती मात्र वाचली.

मी आईला कैदेत टाकलं नाही, मंडळी. पण भिंतीवरून उतरवलं, हे खरं.

याच काळात उत्तरेत अकबराच्या चित्रशाळेत काय पद्धत होती ते ऐका. एक चित्र बहुतेक वेळा एकटा माणूस काढत नसे. एक उस्ताद रेषा आखायचा, तिला 'तरह' म्हणत. दुसरा रंग भरायचा, त्याला 'अमल' म्हणत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अकबरनाम्याची जी प्रत आहे, तिच्यात चित्राच्या समासात कारकुनाने तशा नोंदी केलेल्या आहेत. तरह बसावनची, अमल अमक्याचा. दोन्ही नावं! पहाडी चित्रकारांच्या कच्च्या रेखाटनांवर तर कुठे कोणता रंग लावायचा, ते छोट्या अक्षरांत लिहिलेलं सापडतं. रंग चढला की अक्षर झाकलं जायचं. माझ्या पुस्तकातला ३ हा आकडा निळ्याखाली झाकला जातो, अगदी तसं.

मग हे श्रेय गेलं कुठे? छापखाना आला, तसं ते पातळ होत गेलं असं मला वाटतं. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांची लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचली ती तिथून. एका चित्राचे रंग वेगवेगळे करून प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा आणि एकावर एक ठसे उठवायचे. ते रंग वेगळे करणारे कारागीर केवढे कसबी असतील! चित्राखाली नाव रविवर्म्यांचं. घरी आणलेल्या त्या चित्रांवर बायका जर, टिकल्या आणि मणी शिवून लक्ष्मीला सजवायच्या. त्यांचंही नाव कुठे नाही.

अलीकडचं थोडक्यात सांगतो. १९८७ च्या सुमारास जपानमध्ये नॉन इशिदा आणि तेत्सुया निशिओ या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, आकड्यांवरून चौकटी काळ्या करत चित्र शोधायचं कोडं तयार केलं. १९९० पासून लंडनचं 'संडे टेलिग्राफ' ते छापू लागलं. २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या जोहाना बॅसफोर्ड यांचं 'सीक्रेट गार्डन' आलं आणि मोठ्या माणसांनी रंग भरणं ही लाजायची गोष्ट उरली नाही. २०२० च्या टाळेबंदीत तर कितीतरी घरांत ही पुस्तकं शिरली.

आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. २००५ मध्ये अमेरिकेत करी आणि कॅसर या दोन अभ्यासकांनी चौऱ्याऐंशी विद्यार्थ्यांना आधी थोडं अस्वस्थ केलं आणि मग रंग भरायला बसवलं. काहींना मंडलाकृती दिली, काहींना चौकड्यांची नक्षी, काहींना कोरा कागद. आखलेली आकृती मिळालेल्यांची अस्वस्थता उतरली. कोऱ्या कागदवाल्यांची तशी उतरली नाही. छोटा प्रयोग आहे, त्यावर मोठे इमले बांधू नयेत. पण मी जन्मभर मुलांपुढे कोराच कागद ठेवला. काहींना तो अंगण वाटला असेल. काहींना विहीरही वाटली असेल, हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही.

कोरा कागद नको, असं मी म्हणत नाही. नमुन्यातच आयुष्य गेलं, तर स्वतःची रेषा कधी येणार, ही मास्तराची काळजी खोटी नव्हती. पण रेषा दुसऱ्याची आहे म्हणून भरणाऱ्याचा हात काहीच नाही, असं नाही. मी आता ते माझ्याच हातावरून सांगतो. रेषेच्या आत राहायला किती जीव एकवटावा लागतो, ते मला आत्ता कळलं.

गेल्या पावसाळ्यात मी आईची ट्रंक उघडली. आई जाऊन बरीच वर्षं झाली. पोपट सापडले, काच तडकलेली. कापडाखाली चौकटीच्या कागदाची घडीही होती. दोन्ही शेजारी ठेवून मी मोजत बसलो. नमुन्यात मधली फुलं गुलाबी आहेत. आईची जांभळी आहेत. गुलाबी लडी मिळाली नसेल, महाग पडली असेल, किंवा तिला जांभळीच आवडली असतील. आता विचारायला कुणी नाही. कापड उलटं केलं. मागची बाजू पुढच्याइतकीच साफ. एक गाठ दिसत नाही.

नवी काच बसवून चौकट परत पुढच्या खोलीत लावली. लावण्याआधी मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या. अक्षर वाकडं आलं, पण उजव्या हाताने लिहिलं. पहिली ओळ : 'तरह, माहीत नाही.' दुसरी ओळ : 'अमल', आणि पुढे आईचं नाव.

तुमच्याही घरी अशी एखादी चौकट असेल. भरणारी व्यक्ती अजून घरात असेल, तर आज संध्याकाळी तिला विचारा, हे कधी भरलंस, आणि हाच रंग का घेतलास.