कव्हरावरचा दक्षिण सातारा

आमच्या कृष्णाकाठच्या म्हाताऱ्या माणसाला जिल्हा विचारला की तो सांगण्याआधी जरा थांबतो. कारण त्याच्या हयातीत गाव जागचं हललं नाही, पण जिल्हा हलला. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हा सगळा मुलूख पूर्वी साताऱ्यात. सांगली, मिरज, जत ही संस्थानं. १९४८ साली संस्थानं विलीन झाली, १ ऑगस्ट १९४९ ला हे सगळं मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे दक्षिण सातारा हे नाव जेमतेम अकरा वर्षं टिकलं. हा इतिहास मला शाळेत कुणी शिकवला नाही. तो माझ्या चुलत्याच्या रेकॉर्डींच्या कव्हरांवर शिक्क्यांनी उमटलेला होता.

चुलत्याचा लाऊडस्पीकरचा धंदा. एक चावीचा फोनो, पुढं बॅटरीवर चालणारं मशीन आणि दोन कर्णे. लग्न, जत्रा, सप्ताह, निवडणूक, जिथं बोलावतील तिथं बैलगाडीत सामान घालून जायचं. कर्णा बाभळीच्या शेंड्याला बांधला की शेजारच्या वाडीलाही कळायचं, आज ह्यांच्यात कार्य आहे. घरात रेडिओ नव्हता त्या काळात गाणं गावात यायचं ते त्या कर्ण्यातूनच.

जुनं घर पाडायचं ठरलं तेव्हा माळ्यावरच्या चार पेट्या खाली उतरल्या. दोनशेच्या वर तबकड्या. बहुतेक ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, दहा इंची, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. एकेक तबकडी पाव किलोला थोडी कमी, त्यामुळं पेटी दोघांनी उचलावी लागली. पुतण्या म्हणाला, "नाना, ही सगळी गाणी मोबाईलवर हाईत. कशाला संभाळायचं ह्ये लोढणं?" पुण्याहून एक शौकीन गृहस्थ येऊन गेले. त्यांनी नाट्यसंगीताच्या आणि खाँसाहेबांच्या पंचवीस-तीस तबकड्या बाजूला काढल्या, चांगली किंमत सांगितली. बाकीच्यांकडं बघून म्हणाले, "ह्या झिजल्यात, ह्यांना काही मोल नाही."

मोल कशाला असतं, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

आवरायचं तर आधी मांडायला पाहिजे. शहरातले संग्राहक गायकावार किंवा कंपनीवार लावतात. तसं लावून बघितलं. कुत्र्याच्या छापाच्या एचएमव्ही एकीकडं, ओडियन एकीकडं, मुंबईच्या 'यंग इंडिया' छापाच्या थोड्या वेगळ्या. त्या मांडणीत कंपन्यांचा इतिहास दिसला, आमचा दिसेना. मग कव्हरं बघायला लागलो. जुने दुकानदार कव्हरावर रबरी शिक्का मारत. काहींवर 'सांगली संस्थान', काहींवर 'जि. सातारा', बऱ्याच जणांवर 'जि. द. सातारा', शेवटच्यांवर नुसतं 'सांगली'. त्या क्रमानं लावलं आणि तबकड्या सरळ सालवार बसायला लागल्या. दुकानदार जुना शिक्का झिजेपर्यंत वापरतो, शिवाय कव्हरं आपसांत बदलतात, म्हणून एखाददुसरं वर्ष इकडंतिकडं होणार. पण तबकडीच्या मधल्या कागदाच्या कडेला, गाणं संपतं तिथं कोरलेला नंबर असतो. तो ताडून बघितला की चूक बरीच सापडते.

असं लावल्यावर आपलाच मुलूख त्यात गातोय हे ध्यानात आलं. नागठाणे हे बालगंधर्वांच्या घराण्याचं गाव. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात वारले, पण विसावले मिरजेच्या दर्ग्यातच. शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे. गदिमा आटपाडी भागातले. 'पिंजरा'ला संगीत देणारे राम कदम मिरजेचे. रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्यांच्या घरातला मुलगा पठ्ठे बापूराव झाला आणि घरदार सोडून तमाशात गेला. जी माणसं इथल्या मातीत वाढली, त्यांचा आवाज किंवा त्यांची शब्दरचना कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात लाखेवर उमटून परत आमच्या बाभळीवर यायची.

शिक्क्यांखाली चुलत्याचं अक्षर होतं. शिसपेन्सिलीनं गावाचं नाव आणि एक खूण. 'प' म्हणजे पहाटे लावायची, अभंग-भूपाळी. 'ह' हळदीची. 'व' वरातीची, त्यात लावण्या. 'दु' बघून मी अडलो. मग थोरल्या आत्यानं सांगितलं, "जेवणं झाल्यावर दुपारी मंडळी आडवी व्हायची, तवा तो खाँसाहेब लावायचा." म्हणजे पुण्याच्या गृहस्थांनी उचललेल्या तबकड्या आमच्या मांडवात पोटभर जेवलेल्या शेतकऱ्यांनी ऐकल्या होत्या. आणि त्यांनी झिजली म्हणून टाकलेली १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'ची तबकडी बघा. बुगडीच्या गाण्याची बाजू राखाडी पडलीय, उलटी बाजू अजून काळीभोर. किती मांडवांत ती बाजू लागली असेल, ह्याची नोंद त्या राखाडी रंगाशिवाय कुठंच नाही. ते गाणं मोबाईलवर मिळेल, पण ती झीज कुठं मिळणार?

काही जागा रिकाम्या आहेत, त्यांनाही कारणं आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या घराच्या भिंती वाचल्या, पण फळीवरच्या तबकड्या खाली आल्या. लाखेची तबकडी वाकत नाही, फुटते. २०१९ च्या पुरात खालची पेटी भिजली. पाण्यानं लाखेला काही झालं नाही, कव्हरांचा मात्र लगदा झाला. चाळीसेक तबकड्या अशा आहेत, की त्या कुठल्या दुकानातून आल्या ते आता कधीच कळणार नाही.

१९७० च्या आसपास ७८ ची छपाई बंद पडत गेली. 'पिंजरा' आला १९७२ ला, तो आमच्याकडं छोट्या प्लॅस्टिकच्या तबकडीवर आला. पुढं कॅसेट आली आणि चुलत्यानं फोनो झाकून ठेवला.

शेवटी असं केलं. फुटके तुकडे आणि कव्हर नसलेल्या जादा प्रती काढून टाकल्या. तबकडी नसलेली कव्हरं मात्र ठेवली. ह्यावर घरात हसले, हसू देत. मऊ फडकं साध्या पाण्यात पिळून तबकड्या पुसल्या, मधला कागद कोरडा ठेवून. स्पिरिट लावायचं नाही, त्यात लाख विरघळते. ती लाख म्हणजे पळस-बोरीवरच्या किड्याचीच, बांगडीवाल्याकडं असते तीच. तबकड्या आडव्या रचल्या नाहीत, वह्यांसारख्या उभ्या लावल्या. दोनशे पानी वहीत पुतण्याकडून रकाने आखून घेतले: गाणं, नंबर, शिक्का, चुलत्याची खूण, झीज. गाणी मोबाईलवर आहेत म्हणणारा तोच आता खुणा लावून बघतोय, कुठल्या गावात काय जास्त वाजलं.

पुण्याच्या गृहस्थांना कळवलं, निवडून द्यायच्या नाहीत. ऐकायला या, जेवायलाही थांबा.

नव्या घरात पेट्या ठेवायला फळी मारली ती २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर दोन हात. वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. तुमच्याही माळ्यावर असलं काही असेल तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी कव्हर उलटून बघा. शिक्का असेल, कुणाचं नाव असेल, तर निदान ते तरी वहीत उतरवून ठेवा.