साक्षीला उभा राहिलेला कॅमेरा

इतिहास शिकवताना एक अडचण मला नेहमी येते. इतिहासाला पुरावा लागतो आणि आमच्या माणसांजवळ कागद नव्हता. माझ्या आजोबांचा एकमेव दस्तऐवज म्हणजे सावकाराच्या वहीतला त्यांचा अंगठा. तो पुरावाही सावकाराच्याच कामाचा. ज्याच्या हाती लेखणी त्याचा इतिहास, असे आपण म्हणतो. कॅमेऱ्याचा विचार मात्र त्या अंगाने आपण फारसा केलेला नाही.

1948 साली केंद्र सरकारने फिल्म्स डिव्हिजन स्थापन केले. पुढे कित्येक वर्षे चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी त्याचे अनुबोधपट आणि वार्तापट दाखवले जात. त्यांत धरणे असत, कारखाने असत, उद्घाटने असत. गावकुसाबाहेरच्या माणसाचे स्थान असलेच तर लाभार्थ्याचे. अशा काळात, 7 डिसेंबर 1956 रोजी, बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून केले. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर हा दिवस पुसला जाऊ नये म्हणून. मुंबईच्या रस्त्यावर लोटलेला तो शोकाकुल समाज आज डोळ्यांनी पाहता येतो. आपल्या माणसाने आपल्या माणसांसाठी ठेवलेली ही साक्ष आहे.

साक्षीचे मोल 1997 साली पुन्हा कळले. 11 जुलैला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेमुळे लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलाच्या गोळीबारात 10 जण ठार झाले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा बचाव पोलिसांनी केला. न्या. गुंडेवार आयोगाने तो मानला नाही. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (1985) मध्ये झोपडपट्टीवासीयांचे दुःख गाणारा आवाज त्यांचाच होता. त्या मृत्यूने अस्वस्थ होऊन पटवर्धन यांनी 14 वर्षे चित्रीकरण केले आणि 2011 साली ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला. टँकर कोठे उभे होते आणि माणसे कोठे पडली, हा साधा प्रश्न तो विचारतो. 2009 साली गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, पण पुढे तो जामिनावर सुटला. हा चित्रपट वस्त्यावस्त्यांतून पडदे लावून दाखवला गेला. ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्यांनीच तो पाहिला, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता आमच्या यवतमाळकडे येऊ. कापूस आणि आत्महत्या यांच्या निमित्ताने येथे पुष्कळ कॅमेरे आले. दीपा भाटिया यांच्या ‘नीरोज गेस्ट्स’ने (2009) विदर्भाचे दुःख जगापुढे नेले. मिका पेलेड यांचा ‘बिटर सीड्स’ (2011) तर आमच्याच तेलंग टाकळीत घडतो. बापाच्या आत्महत्येनंतर पत्रकार होऊ पाहणारी एक मुलगी त्यात आहे. प्रश्न विचारणारी ती पोर मला सगळ्या आकडेवारीहून मोठी वाटते.

या चित्रपटांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट बोललीच पाहिजे. सरकारी मदतीसाठी आत्महत्या ‘पात्र’ ठरायची तर सातबारा लागतो, कर्ज लागते. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही तो मेला तरी मोजला जात नाही. कॅमेराही बहुधा सातबाऱ्याच्याच दारात थांबतो. 2017 साली फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांत दुसऱ्याच्या वावरात रोजीने पंप पाठीवर घेणारेही होते.

मी वर्गात ‘जय भीम कॉम्रेड’ दाखवला तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, माझे बाबा फवारणीला जातात. ते कोणत्या सिनेमात आहेत?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या रविवारी चार-पाच मुले वही आणि मोबाइल घेऊन त्याच्या वस्तीत गेली. फवारणी कोणी केली, कोणाच्या वावरात, किती रोजावर, हातमोजे मिळाले का, हे त्यांनी विचारले आणि टिपले. मग माहितीच्या अधिकारात अर्ज केला. कचेरीच्या पायरीवर त्यांचे पाय थरथरले, पण ती परत फिरली नाहीत.

माहितीपटाने क्रांती होत नाही. पडदा विझल्यावर अंधारात बसून राहायचे की उठून अर्ज लिहायचा, एवढे तो आपल्याला विचारतो. घटनेने दिलेला नागरिक हा शब्द त्या उठण्यातच खरा होतो. माझ्या आजोबांनी दुसऱ्याच्या वहीत अंगठा दिला. ही पोरे स्वतःची वही लिहीत आहेत. उद्याच्या इतिहासाचा पुरावा तीच असेल.