जयपूर ते पुणे : अंतर तेच, वेळ वेगळा

जयपूरचे सांगानेर आणि पुण्याचे लोहगाव या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ९३५ किलोमीटर आहे. थेट विमानाने ते साधारण दोन तासांत पार होते. सरकारी कामासाठी जयपूरला आलो की परतीच्या विमानाची वाट पाहताना मला १७५१ साल आठवते.

मराठ्यांच्या खंडणीच्या तगाद्याने हताश होऊन सवाई ईश्वरीसिंहाने डिसेंबर १७५० मध्ये आत्महत्या केली. होळकरांच्या पाठबळाने माधोसिंह गादीवर आला, तरी मागण्या थांबल्या नाहीत. अखेर १० जानेवारी १७५१ रोजी, हे नवे शहर पाहण्यास आत शिरलेल्या मराठ्यांवर जयपूरकर तुटून पडले. असंख्य माणसे मारली गेली.

त्या काळी वार्ता जासूदांच्या पायांनी चाले. १४ जानेवारी १७६१ चा पानिपतचा पराभव पेशव्यांना भेलशाजवळ कळण्यास सुमारे दहा दिवस लागले. ते अंतर तर जयपूर-पुण्याहून कमीच. साहजिकच कोठे थांबावे, हे जागेवरचा सरदारच ठरवी. पुण्याच्या कर्जाचा तगादा त्याच्यापर्यंत पोहोचे. जयपूरचा संताप मात्र पुण्यास वेळेवर कळत नसे.

आज वार्ता क्षणात पोहोचते. त्यामुळे वेळेवर कळले नाही, ही सबब आम्हां अधिकाऱ्यांना उरलेली नाही. थांबावे कोठे, याचा विवेक मात्र आजही जागेवरच्या माणसालाच करावा लागतो.